बरणीला कसं कळतं?

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. गुणवत्ता विभाग म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढून त्याचा पगार घेणारा विभाग. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला नियम असतो. हात कसे धुवायचे याचा नियम आहे, धुतलेले हात कशाने पुसायचे याचा आहे, आणि हे दोन्ही नियम आपण वाचले अशी सही कुठल्या शाईने करायची याचाही आहे. असल्या हवेत वर्षानुवर्षं राहिलं की माणूस घरीसुद्धा सरळ वागत नाही. मी चहाचा कप उचलला की आधी त्याचं बूड बघतो. बायको म्हणते, "बघा हं, तारीख संपलेली असेल."

तर अशा माणसाच्या घरात मे महिन्यातल्या एका रविवारी कैरीचं लोणचं घालायला काढलं होतं.

माझी आई, ठकूबाई, कापड्याहून पहिल्या एसटीने आली होती. सोबत दारातल्या झाडाच्या कैऱ्यांचं पोतं आणि तिची स्वतःची तपकिरी बरणी. या बरणीचा एक कान तुटलेला आहे, पण आई तिला प्रवासात मांडीवर घेऊन बसते. आमच्या नात्यागोत्यात आईचं लोणचं म्हणजे शेवटचा शब्द. लग्न जमवताना काही घरांत पत्रिका बघतात, आमच्याकडे आधी आईचं लोणचं चाखायला देतात.

आई विळीवर फोडी करत होती. माझी बायको अनुपमा मेथी भाजत होती. आमची राजनंदिनी, जी नुकतीच दहावीत गेली आहे, कोरड्या फडक्याने बरण्या पुसत होती. मी दारात उभा राहून सगळ्यांना सूचना देत होतो. एवढ्यात नंदिनीने आईची तपकिरी बरणी पुसायला उचलली, आणि आई विळीवरून जवळजवळ उडालीच.

"ठेव ती खाली! गो, तुझी अडचण हाय ना? काल फोनवर तुझी आई बोलली. लांब हो. लोणचं नासंल सगळं."

नंदिनीने बरणी खाली ठेवली. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने बरणीकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, बरणीला कसं कळतं?"

"कळतं. तिला सगळं कळतं."

मग नंदिनी माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही रोज टेस्टिंग करता ना? मग तुम्ही सांगा."

आता इथे एखाद्या साध्या बापाने सरळ म्हटलं असतं, "असलं काही नसतं. उचल बेटा बरणी." प्रश्न तिथेच मिटला असता. लोणचं बरणीत, बरणी माळ्यावर, आणि मी पंख्याखाली. अनुपमाही डोळ्यांनी मला तेच सांगत होती. पण समोर आई होती. आईला उलट बोलण्यापेक्षा मला विज्ञानाच्या आडून बोलणं जास्त सोयीचं वाटलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "नुसतं सांगून उपयोग नाही. सिद्ध करावं लागेल. आपण प्रयोग करू."

"अहो, पोरीने एक शब्द विचारलाय," अनुपमा म्हणाली.

"तेच तर. शब्दावर शास्त्र चालत नाही."

नंदिनीने फडकं ठेवलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. तिला उत्तर हवं होतं, मी तिला प्रकल्प दिला होता. हे मला तेव्हा कळलं नाही. मी तेव्हा कागद शोधत होतो.

प्रयोग साधा होता. काही बरण्यांना अडचण असलेल्या स्त्रियांनी हात लावायचा, काहींना लावायचा नाही. महिन्याभराने बघायचं, कुठलं लोणचं नासतं. आईला वाटलं होतं मी विसरून जाईन. पण मी तिला विचारलं तेव्हा तिने विळी आडवी केली आणि शांतपणे म्हणाली, "कर. तुझ्या तोंडात बुरशीचं लोणचं गेल्याबिगर तुला अक्कल यायची नाय." आईनेच परवानगी दिल्यावर मागे हटणं शक्य नव्हतं.

अडचण अशी होती, की अडचण असलेल्या स्त्रिया एका घरात किती मिळणार? शास्त्राला नमुने भरपूर लागतात. म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकायचं ठरवलं. मजकुरावर मी बरीच मेहनत घेतली. स्पष्ट शब्द वापरायला मला संकोच वाटत होता आणि अस्पष्ट शब्द शास्त्रात चालत नाहीत. शेवटी मी लिहिलं, "सर्व भगिनींना विनंती. ज्या भगिनी सध्या 'स्थिती अ' मध्ये आहेत त्यांनी माझ्याशी संपर्क साधावा. त्यांच्या हाताची गरज आहे."

मग सोसायटीचे सेक्रेटरी किशोर जाधव यांचा संदेश आला. जाधव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत आणि कचेरीची आठवण येऊ नये म्हणून त्यांनी सोसायटीचीच कचेरी केली आहे. त्यांनी लिहिलं, "सदर ग्रुप केवळ पाणी व पार्किंग या विषयांकरिता आहे. सभासदाने भगिनींचा हात मागण्याचे प्रयोजन लेखी कळवावे."

पुढचा अर्धा दिवस मी जिन्यात भेटेल त्याला खुलासा करत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शर्मिला गायकवाड मॅडम, ज्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात, त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "सर, आमच्या घरात माझ्या आजीनेच हा नियम उंबऱ्याबाहेर ठेवला. त्यानंतर कित्येक लोणची झाली, सगळी संपली. तेवढा पुरावा पुरे नाही का?"

"मॅडम, तो अनुभव झाला. पुरावा नव्हे."

"बरं. मग मी परीक्षक म्हणून येते," त्या म्हणाल्या, "निकालाला."

प्रकरण हाताळलं ते जाधवांच्या पत्नीने, उज्वला वहिनींनी. त्या संध्याकाळी थेट आमच्या घरी आल्या. "भाऊजी, तुम्ही त्या स्थिती अ आणि ब मध्ये पडू नका. आम्ही बायकांनी आमचा वेगळा ग्रुप केलाय. कोणी कुठल्या बरणीला हात लावायचा ते आमचं आम्ही ठरवू. तुम्हाला काही कळणार नाही."

"पण प्रयोगप्रमुख मी आहे!"

"तुम्हीच मघाशी जिन्यात सगळ्यांना सांगत होतात ना, की तपासणाऱ्याला काही माहीत नसलं की प्रयोग उत्तम होतो म्हणून?"

मी सांगितलं होतं. आमच्या कारखान्यातही तसंच असतं. फक्त तिथे माहीत नसणारा माणूस मी नसतो.

बरण्या कुठे ठेवायच्या हा पुढचा प्रश्न. महापुरात तळमजला बुडाल्यापासून आमच्या सोसायटीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. एक टेबल, चार खुर्च्या, एक कपाट आणि त्याच्या शेजारी रिकामा ओटा. जागा अंधारी, थंड, लोणच्याला नेमकी. मी अर्ज दिला. जाधवांनी तो परत केला. उपविधीप्रमाणे सामायिक जागेत खाद्यपदार्थ साठवता येत नाहीत.

त्यासाठी विशेष सभा भरली. पाण्याच्या टाकीला तडा गेला तेव्हा जितके लोक आले नव्हते तितके लोणच्याला आले. लोणचं हा खाद्यपदार्थ आहे की नाही यावर चर्चा सुरू झाली. एकाने विचारलं, लोणचं हा पदार्थ असेल तर नुसतं लोणचं खाऊन पोट भरतं का? दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या मेहुण्याचं भरतं. जाधवांनी मेहुण्याचा मुद्दा पटलाबाहेर ठेवला. अखेर ठराव झाला तो असा, की लोणचे हे तोंडीलावणे असून तोंडीलावणे खाद्यपदार्थात मोडत नाही; सबब प्रयोगास हरकत नाही. ऑफिसची चावी समारंभपूर्वक माझ्या हाती आली. दुसरी चावी अर्थातच जाधवांच्या घरी खुंटीला होती, म्हणजे उज्वला वहिनींच्या घरी, म्हणजे सोसायटीतल्या समस्त महिलावर्गाच्या ताब्यात. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

बरण्या मांडल्या, तोंडाला फडक्याचे दादरे बांधले, ओळीने क्रमांक दिले. आमच्या तीन, त्यांतल्या आईच्या तपकिरी बरणीचा क्रमांक चार, बाकीच्या शेजाऱ्यांच्या. मी भिंतीवर नियम चिकटवले. बरणी हलवू नये. दादरा सोडू नये. प्रयोग संपेपर्यंत कोणीही लोणचे चाखू नये. खाली माझी सही, निळ्या शाईने.

नियम चिकटवल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पाहणीला गेलो तर दोन बरण्यांत तेल वाढलेलं. चौकशी केली. आई.

"त्यांच्या फोडी उघड्या पडल्या व्हत्या रे," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर कोणाचं लोणचं मरू देऊ काय?"

"आई, तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते नासायलाच हवंय ना!"

"नासायचं तर त्याच्या करणीने नासंल. तेलावाचून कशाला?"

मी नवा नियम लिहिला: तेल घालू नये. मग कोणीतरी हिंग घातला, कारण हिंगाबद्दल नियम नव्हता. मी हिंगाचा नियम लिहिला. मग एका बरणीवर लिंबू-मिरची टांगलेली सापडली. ती बरणी पहिल्या मजल्यावरच्या सलोनीची. तिचं म्हणणं, लोणच्यात काही घातलेलं नाही, लोणच्यावर टांगलंय. मुद्दा बिनतोड होता. एकदा तर सात नंबरची बरणीच गायब झाली आणि संध्याकाळी परत आली, थोडी हलकी होऊन. त्या घरी नाते गावाहून पाहुणे आले होते, आणि पाहुण्यांना प्रयोग चालू आहे असं कसं सांगणार? भिंतीवर नियमांचा कागद वाढत वाढत स्विचबोर्डापर्यंत आला. जाधव येता-जाता तो वाचून मान डोलवत. एवढ्या बाबतीत आम्ही दोघं एका जातकुळीचे निघालो.

या बजबजपुरीत काहीतरी शास्त्रीय राहावं म्हणून मी ठरवलं, की प्रत्येक बरणीतला थोडा थोडा खार कारखान्याच्या प्रयोगशाळेत न्यायचा आणि आंबटपणा मोजायचा. छोट्या बाटल्या भरल्या, क्रमांक घातले आणि पिशवी घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसलो. बसभर हिंगाचा वास. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "साहेब, डबा गळतोय काय?"

गेटवर जानूभाऊ होते. जानूभाऊ सुरक्षारक्षक आहेत आणि मला गेली कित्येक वर्षं ओळखतात, पण पिशवी असली की ते ओळखत नाहीत.

"यात काय?"

"नमुने."

"कंपनीचे?"

"नाही. घरचे."

"मग आत येताना नोंद करायला लागेल. माल परत जाणार हाय की इथंच राहणार?"

"तपासून संपेल."

"म्हणजे इथंच राहणार. मग बिल पाहिजे. पार्टीचं नाव?"

मी पार्टीचं नाव सांगितलं, ठकूबाई उतेकर. जानूभाऊंनी लिहून घेतलं. "मालाचं वर्णन?" मी म्हणालो, लोणच्याचा खार. त्यांनी पेन खाली ठेवलं. खाद्यपदार्थ फक्त कॅन्टीनच्या दारातून आत जातात. मी म्हणालो, लोणचं हा खाद्यपदार्थ नाही, तसा आमच्याकडे ठराव झालेला आहे. जानूभाऊंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, ज्यांनी ठराव केला ना, ते जेवून उठलेले असणार."

शेवटी बाटल्या गेटवर राहिल्या. संध्याकाळी परत घ्यायला गेलो तर त्या रिकाम्या आणि स्वच्छ धुतलेल्या होत्या. दुपारी रक्षकांच्या डब्यात म्हणे नुसतीच चपाती होती. "तीन नंबर एक नंबर झालंय," जानूभाऊंनी अहवाल दिला. शास्त्राच्या दृष्टीने मिळालेली ती एकमेव नोंद.

आणि मग ती दुपार आली.

कारखान्यात माझी पहिली पाळी होती. घरी पोचलो तेव्हा पोटात आग. अनुपमा आणि नंदिनी बाजारात गेल्या होत्या, आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ओट्यावर माझ्यासाठी दहीभात झाकून ठेवला होता. थंडगार, वर कढीपत्त्याची फोडणी. मी पहिला घास घेतला आणि सवयीने हात बाजूला गेला. लोणचं नव्हतं. घरात लोणच्याची एक फोड नव्हती. कापड्याची सगळी कैरी शास्त्रासाठी कुलपात बंद होती, आणि कुलपाची चावी माझ्या खिशात होती.

मी स्वतःशी बराच वाद घातला. म्हणजे पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत. ताटली हातात होती. मी स्वतःला सांगितलं, की रंग आणि वास यांची पाहणी आपण रोज करतोच. चव हीसुद्धा एक पाहणीच आहे. शेजाऱ्यांच्या बरण्या परक्या. आणि घरच्या तिनांतून माणूस आपल्या आईच्याच बरणीकडे जाणार. चार नंबरचा दादरा सोडला, आणि त्या वासाने मला नियम क्रमांक तीन कुठे चिकटवलाय तेच दिसेना. दहीभात खात होतो तोच चमचा आत घातला. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्यांदा फोड खोल होती, म्हणून जरा ढवळावं लागलं. नंतर मी बरणीचा काठ हातरुमालाने पुसला. आमच्या कारखान्यात हातरुमाल आत न्यायलासुद्धा बंदी आहे.

निकालाच्या दिवशी पाऊस चांगला लागला होता. ऑफिसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शर्मिला मॅडम परीक्षक म्हणून मधल्या खुर्चीत. जाधव कामकाज लिहायला. आई नवं लुगडं नेसून आली होती. नंदिनी मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. लोणचं घातलं त्या दिवसापासून तिने प्रयोगाबद्दल मला एक अक्षर विचारलं नव्हतं.

मॅडम एकेक दादरा सोडायला लागल्या. एक नंबर, उत्तम. दोन, उत्तम. तीनबद्दल मला आधीच कल्पना होती. मग त्यांनी तपकिरी बरणीचा दादरा सोडला आणि थांबल्या.

वर पांढरी साय धरली होती. बुरशी. फोडी लिबलिबीत झालेल्या. वास सगळ्या खोलीत पसरला.

चार नंबरला अडचण असलेल्या कोणी हात लावला असेल तर? नियम सिद्ध झाला असता. माझ्या चमच्यामुळे. आणि दारात उभी असलेली ती पोरगी जन्मभर बरणीपासून लांब उभी राहिली असती. तसं झालं असतं तर मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण तशी वेळ आली नाही, कारण उज्वला वहिनी बोलल्या.

"चार नंबरला तर लोणचं भरल्यापासून कोणीच शिवलं नाही."

"कोणीच?" मॅडमनी विचारलं.

"ठकूमावशींची बरणी ती. त्यांचा मान म्हणून आम्ही तिला बोटसुद्धा लावलं नाही. बाकीच्या सगळ्यांना मात्र लावला हात. म्हणजे ठरलं होतं निम्म्यांना, पण एकदा सुरुवात झाल्यावर कोण थांबतंय! सलोनी तर दोनदा लावून गेली."

मॅडम उरलेल्या बरण्या उघडत गेल्या. सगळ्या उत्तम. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे निष्कर्ष असा निघतो," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "की ज्या बरणीला हात लावला नाही तीच नासली. म्हणजे लोणचं टिकायचं असेल तर अशा दिवसांत हात लावलाच पाहिजे."

खोलीत जो हशा उठला तो खाली पार्किंगपर्यंत गेला असेल. फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक मी. दुसरी आई.

आई बरणीजवळ जाऊन उभी राहिली होती. तिच्या हातचं लोणचं आयुष्यात कधी नासलं नव्हतं. पुरात घर सोडलं तेव्हा तिच्या जावेने कपडे घेतले होते, आईने बरणी घेतली होती. तिने तुटलेल्या कानावरून अंगठा फिरवला. "माझंच काय तरी चुकलं असंल," ती हळूच म्हणाली. "वय झालं आता. हातात राहिलं नाय काय." आणि डोळ्यांना पदर लावला.

हशा थांबला. आईला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तोंड उघडायचं म्हणून मी श्वास घेतला, पण माझ्या आधी नंदिनी दारातून पुढे आली होती. तिने टेबलावरचा लांब चमचा घेतला, बरणी उजेडाकडे तिरपी केली आणि ती वाकून आत बघायला लागली.

"आजी, रडू नको. थांब."

तिने चमच्याने काहीतरी वर काढलं. तळहातावर घेतलं. बोटाने बुरशी बाजूला केली.

"आजी, तुझं लोणचं नासलेलं नाही. कोणीतरी नासवलंय. हे बघ, भाताचं शीत. आणि हे अजून एक. आणि हा कढीपत्ता. लोणच्यात कढीपत्ता असतो का?"

आईने पदर खाली घेतला. शीत बघितलं, पान बघितलं. मग कुठलाही पुरावा न मागता ती थेट माझ्याकडे वळली. अनुपमाही वळली. पाठोपाठ सगळी सोसायटी वळली. जाधवांनी लिहिणं थांबवून पेन वर केलं.

"फक्त दोनच चमचे," मी म्हणालो.

"मेल्या!" आईच्या आवाजात एकदम जुनी धार आली. ती धार ऐकून मला इतकं बरं वाटलं, की पुढचं सगळं मी जवळजवळ आनंदाने ऐकलं. "खरकटा चमचा? माझ्या बरणीत? शिकलास काय एवढा, धुतलेला चमचा घ्यायची अक्कल नाय तुला? आजपासून तुझ्या हाताला बरणी नाय. लांब राहायचं. फोड पाहिजे तर मागायची, आम्ही वाढू."

"यांना एकट्यालाच का?" उज्वला वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा चमचा तरी कुठे कोरडा असतो? मागच्या वर्षीचं माझं लिंबाचं लोणचं असंच गेलं."

"माझा या विषयाशी संबंध नाही," जाधव म्हणाले. पण प्रत्येक घरातून एकेक लिंबाचं, मिरचीचं, करवंदाचं लोणचं आठवायला लागलं होतं. बघता बघता मंडळी एकमताला आली: पुरुषांनी बरणीला हात लावायचा नाही. लोणचं नासतं.

मी उभा राहिलो. आता प्रश्न माझ्या चमच्याचा नव्हता, शास्त्राचा होता. "हे चूक आहे! एका नमुन्यावरून नियम करता येत नाही. एक बरणी, एक पुरुष, एक चमचा. कसली तुलना नाही, कसली फेरतपासणी नाही. असा नियम टिकणार नाही!"

"सर," शर्मिला मॅडम म्हणाल्या, "आधीच्या नियमाला तरी कुठे नमुने लागले होते? तो चांगला टिकला की."

जाधवांनी ठराव लिहून घेतला. सूचक, सौ. उज्वला जाधव. अनुमोदक म्हणून इतके हात वर झाले, की त्यांना मोजदाद सोडून द्यावी लागली. विरोधात मी आणि जाधव. आम्ही दोघांनी एकत्र मत देण्याची ती पहिलीच वेळ.

आईने नंदिनीला जवळ बोलावलं. काही समजुतीचं बोलली नाही, डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. नासलेलं सगळं ओतून, बरणी गरम पाण्याने धुऊन, उन्हाचा कवडसा शोधून वाळवायला सांगितलं आणि वर बजावलं, "कान तुटलेला हाय, खालनं धर." नंदिनीने बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या अगदी अंगाजवळून घेऊन गेली. मी भिंतीला चिकटून वाट दिली.

आमच्या भागात बातमी एसटीच्या आधी पोचते. आई कापड्याला परतली आणि तिने जे सांगितलं त्यात दहीभात होता की नव्हता, कोण जाणे. भाताची लावणी संपली त्या दिवशी आम्ही सगळे गावी जेवायला गेलो. शेतातून आलेली माणसं हातपाय धुऊन पडवीत ओळीने बसली होती. गरम भात, कुळथाचं पिठलं. माझा चांगूमामा शेजारी होता. त्याने जागचं थोडं उठून कोनाड्यातल्या बरणीकडे हात लांबवला, तर घरातून तीन बायका एकदम ओरडल्या. मामाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बघितलंस?" तो माझ्या कानाशी लागला. "जन्म गेला माझा ही लोणची खाण्यात. आता म्हणे बाप्याने हात लावला की लोणचं नासतं. नाते गावात माझी दुसरी बहीण दिलीय, तिथंपण हाच कायदा. कुठल्या शहाण्याने काढला रे? तू शास्त्रातला माणूस हायस. तूच सांग या बायांना, बरणीला कसं काय कळतं?"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. आई चुलीपाशी होती, तिने पळी थांबवली. कोनाड्यापाशी नंदिनी उभी होती, बरणी कमरेवर घेऊन. अनुपमाकडून मला समजलं होतं, की आजही तिची अडचण आहे. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी काही म्हटलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. ओठ दाबून धरलेले, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

खरं उत्तर मला पाठ होतं. ओलावा, खरकटं, बुरशी. बाई नाही, बुवा नाही, फक्त चमचा. दोन वाक्यांचं काम होतं.

"मामा," मी म्हणालो, "शास्त्रात सिद्ध झालंय. महाडला मोठा प्रयोग झाला."

"असं?"

"मी स्वतः हजर होतो."

मामाने सुस्कारा टाकला आणि तो मांडी घालून नीट बसला. त्याच्यापाठोपाठ बाकीच्या पुरुषांनीही आपापले हात ताटांत आखडून घेतले. नंदिनी पहिल्या ताटापासून वाढत आली. माझ्याजवळ आल्यावर तिने एक फोड वाढली, मी दुसरीसाठी ताट पुढे केलं, आणि ती पुढच्या माणसाकडे निघून गेली.